थोरल्याने किल्ल्या दिल्या

२४ एप्रिल १९९४. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचा, म्हणजेच एन.बी.ए.चा साखळी हंगाम त्या दिवशी संपत होता. सॅन अँटोनिओ स्पर्स संघाच्या डेव्हिड रॉबिन्सनने लॉस एंजेलिस क्लिपर्सविरुद्ध एकट्याने ७१ गुण केले. हंगामातील सर्वाधिक सरासरीचा मान त्याला मिळणार की शकील ओनीलला, याचा फैसला व्हायचा होता. म्हणून सहकारीही चेंडू त्याच्याच हाती देत होते. रॉबिन्सनची सरासरी २९.८ भरली आणि मान त्याला मिळाला.

पाच वर्षांनी, १९९९ मध्ये, याच रॉबिन्सनची सरासरी १५.८ वर आली होती. आणि त्याच वर्षी त्याचा संघ इतिहासात प्रथमच विजेता ठरला!

रॉबिन्सनची गोष्ट सुरुवातीपासूनच चाकोरीबाहेरची. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत तो दाखल झाला तेव्हा त्याची उंची सुमारे सहा फूट सात इंच होती. शिकता शिकता तो सात फुटांच्या वर गेला. १९८७ मध्ये स्पर्सने नव्या खेळाडूंमधून त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले, पण स्वारी आधी दोन वर्षे नौदलाची नोकरी करून मगच संघात आली. तेव्हापासून सगळे त्याला 'ॲडमिरल' म्हणू लागले. प्रत्यक्षात त्याचा हुद्दा ॲडमिरलच्या आसपासही नव्हता, पण टोपणनावाला हुद्द्याची पर्वा कुठे असते? तो येण्याआधीच्या हंगामात ८२ पैकी २१ सामने जिंकणाऱ्या स्पर्सने तो आल्यावर ५६ जिंकले.

एवढे असून विजेतेपद मात्र हुलकावणी देत राहिले. १९९५ मध्ये तो वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ते पारितोषिक त्याला ह्यूस्टनविरुद्धच्या मालिकेत, सामन्यापूर्वी, घरच्या प्रेक्षकांसमोर देण्यात आले. समोर ह्यूस्टनचा हकीम ओलाजुवान उभा होता. पुढे त्या मालिकेत ओलाजुवानने रॉबिन्सनला असे काही नाचवले की 'साखळीत वाघ, बादफेरीत शेळी' असा शिक्का त्याच्यावर बसला. शिक्का अन्यायाचा होता, पण तो पुसायला विजेतेपदाखेरीज दुसरा उपाय नव्हता.

मग पाठीने दगा दिला. १९९६-९७ च्या हंगामाआधीच तिचे दुखणे उपटले. डिसेंबरात तो कसाबसा परतला, सहा सामने खेळला आणि डाव्या पायाचे हाड मोडून पुन्हा घरी बसला. त्याच्याविना स्पर्सने ८२ पैकी ६२ सामने गमावले. त्या पडझडीतच ग्रेग पॉपोविच यांनी प्रशिक्षकपदाची सूत्रे हाती घेतली होती.

एन.बी.ए.त मागे पडलेल्या संघांमध्ये चिठ्ठ्या काढून नव्या खेळाडूंच्या निवडीचा क्रम ठरवतात. १९९७ मध्ये पहिली चिठ्ठी स्पर्सची निघाली आणि टिम डंकन त्यांच्याकडे आला. वय २१, उंची सात फुटांच्या जवळपास, स्वभाव अबोल. कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉय बेटावरचा हा मुलगा आधी पोहत असे. १९८९ च्या वादळात तिथला तलाव उद्ध्वस्त झाला आणि तो बास्केटबॉलकडे वळला.

आता पेच असा, की दोघेही एकाच जागेचे हक्कदार. बास्केटच्या अगदी जवळची जागा, जिथे चेंडू मिळाला की गुण जवळजवळ ठरलेले, ती रॉबिन्सनची. डंकनचीही ताकद तिथेच. अशा वेळी थोरला काय करतो? रॉबिन्सनने त्या उन्हाळ्यात धाकट्याला कोलोरॅडोतील आपल्या घरी सरावाला बोलावले. तिथे त्याच्या लक्षात आले असणार, की हा पोरगा आपल्यापेक्षा सरस निघणार आहे.

पहिल्या हंगामात दोघांनीही सामन्यामागे एकवीसच्या घरात गुण केले. खरी कसोटी १९९९ मध्ये आली. खेळाडू आणि मालक यांच्यातील वादामुळे हंगाम ५० सामन्यांचाच होता आणि स्पर्सने पहिल्या १४ पैकी आठ गमावले. पॉपोविच यांनी आक्रमणाची सूत्रे पूर्णपणे डंकनकडे दिली. रॉबिन्सनच्या वाट्याला आले ते बाकीचे काम.

हे 'बाकीचे काम' म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला हवे. तो बास्केटजवळून सरकून फ्री थ्रो रेषेच्या टोकाशी उभा राहू लागला. तिथून उडी मारून चेंडू टाकण्याची त्याला सवय होतीच. त्यामुळे त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या धिप्पाड बचावपटूलाही बाहेर यावे लागे आणि आत डंकनला मोकळे रान मिळे. तिथूनच तो डंकनला नेमका पास देई, सहकाऱ्याची वाट अडवणाऱ्याच्या आड उभा राही, रिबाउंडसाठी धक्के खाई. प्रतिस्पर्ध्यांचा सर्वांत अंगापिंडाने भारी खेळाडू, उदाहरणार्थ लेकर्सचा शकील ओनील, याला थोपवण्याचे हमालीचे कामही त्याचेच. ते धक्के डंकनने खाल्ले असते तर त्याच्या नावावर फाउल चढून त्याला बाकावर बसावे लागले असते. यातले बरेचसे गुणपत्रिकेत दिसत नाही. थोरल्या जावेने किल्ल्यांचा जुडगा धाकटीच्या कमरेला अडकवावा आणि आपण रुसून माहेरी न जाता स्वयंपाकघरात भाजी निवडायला बसावे, तसा हा प्रकार. वृत्तपत्रे त्याला 'त्याग' म्हणत होती. पण नुसता त्याग करून सामने जिंकता येत नाहीत. तिशी ओलांडल्यावर, दुखऱ्या पाठीने तो एक नवे काम शिकला, हे जास्त खरे.

उरलेल्या ३६ पैकी ३१ सामने स्पर्सने जिंकले. बादफेरीत लेकर्सना ४-० ने धूळ चारली आणि अंतिम फेरीत न्यूयॉर्क निक्सना ४-१ ने हरवले. अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला डंकन.

पुढे पाठीचे दुखणे पुन्हा पुन्हा डोके वर काढत राहिले. २००२-०३ हा आपला शेवटचा हंगाम, असे रॉबिन्सनने आधीच जाहीर केले. त्या हंगामात त्याची सरासरी ८.५ गुणांवर आली होती. १५ जून २००३ रोजी अंतिम मालिकेतील सहावा सामना घरच्या मैदानावर होता. प्रतिस्पर्धी न्यू जर्सी नेट्स. शेवटच्या सत्रात पिछाडीवर असलेल्या स्पर्सने ओळीने १९ गुण केले आणि ८८-७७ असा सामना व करंडक खिशात घातला. डंकनचे २१ गुण आणि २० रिबाउंड. सदतीस वर्षांच्या रॉबिन्सनने १३ गुण केले आणि १७ रिबाउंड घेतले. त्याचा हा शेवटचा सामना.

डंकन मात्र २०१६ पर्यंत खेळत राहिला. मध्यंतरी त्याचेही गुडघे कुरकुरू लागले. मग संघाचा खेळ हळूहळू टोनी पार्कर आणि मनू जिनोबिली यांच्या वेगाभोवती फिरू लागला आणि डंकन रिबाउंड, बचाव, पास या कामांकडे वळला. २०१४ मध्ये स्पर्सने पाचवे विजेतेपद मिळवले, तेव्हा अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान गेला २२ वर्षांच्या कवाय लेनर्डकडे. डंकन तेव्हा ३८ वर्षांचा होता.