फेरीबोटींची वाट

पाऊस सरला, दिवाळी उलटली की गोव्यातील तरुणांना मुंबईची वाट खुणावू लागते. अलीकडे ही वाट आगगाडीने वा बसने न गाठता मोटारसायकलवरून, आणि तीही राष्ट्रीय महामार्ग टाळून, समुद्राच्या काठाकाठाने गाठण्याची हौस वाढीस लागली आहे. ही हौस आम्हांस स्तुत्य वाटते. महामार्ग क्रमांक ६६ (आमच्या पिढीच्या तोंडी तो अजून १७ च आहे) माणसाला मुक्कामी पोहोचवितो, पण कोकण दाखवीत नाही. मात्र नकाशा पसरून किलोमीटर मोजणारा प्रवासी पहिल्याच दिवशी फसतो. किनाऱ्याच्या वाटेवर हिशेब मांडावयाचा तो किलोमीटरांचा नव्हे, खाड्यांचा.

आरंभ केरीच्या धक्क्यावर होतो. तेरेखोल नदी ओलांडली तरी आपण गोव्यातच असतो, कारण १९५४ साली सत्याग्रहींनी ज्यावर तिरंगा फडकविला तो तेरेखोलचा किल्ला आणि भोवतालचा चिमुकला गाव नदीपलीकडे असूनही गोव्याचाच. पुढे रेडी, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचे शिरोडे, वेतोबाची आरवली, डचांच्या वखारीचे वेंगुर्ले. तेथून कर्लीच्या पुलावरून मालवण आणि पुढे आचरे, कुणकेश्वर, देवगड. हा सारा टप्पा एका दिवसात उरकू पाहणारे असतात; त्यांच्याविषयी आम्हांस केवळ सहानुभूती वाटते. विजयदुर्गाच्या तटावर उभे राहिले की वाघोटण खाडीचा पैलतीर डोळ्यांना हाताच्या अंतरावर दिसतो, पण चाकांना तेथे जाण्यासाठी लांबचा वळसा पडतो. खाडी म्हणजे काय, हे तेथे कळते.

रत्नागिरी आणि गणपतीपुळे मागे टाकल्यावर मात्र खरी फेरीबोटींची वाट सुरू होते. शास्त्री नदीच्या मुखाशी जयगडहून तवसाळ, वाशिष्ठीवर धोपावेहून दाभोळ, सावित्रीवर वेसवीहून बागमांडला आणि राजपुरीच्या खाडीत दिघीहून आगरदांडा, अशी चार पाणवाटांनी ही सडक जोडलेली आहे. अखेरीस मांडव्याहून गाड्या वाहणाऱ्या बोटीने थेट मुंबई. धोपाव्याची बोट हुकली तर चिपळूणवरून फिरावे लागते आणि दोन-तीन तास सहज खर्ची पडतात. म्हणून आदल्या मुक्कामीच दुसऱ्या दिवशीच्या शेवटच्या बोटीची वेळ विचारून ठेवावी, आणि ती छापील फलकावरून नव्हे, धक्क्यावरच्या चहावाल्याकडून. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उघडा पडलेला उतार शेवाळलेला असतो. जड गाडीचा पुढचा ब्रेक तेथे दाबला की स्वार आणि सामान दोन्ही आडवे होतात. मागे बसलेल्याने आधीच उतरावे, गाडी पहिल्या गिअरमध्ये हळूच न्यावी, लाज बाळगू नये.

बाकीची तयारी साधी आहे. तालुक्याचे गाव लागले की टाकी भरून घ्यावी. क्लचची आणि ॲक्सिलरेटरची एकेक जादा केबल, पंक्चरचे साहित्य आणि चेनसाठी तेल बरोबर असावे, कारण खाऱ्या वाऱ्यात चेन दोन दिवसांत कुरकुरू लागते. काळोख पडल्यावर आडरस्त्यावर गाडी हाकू नये. जांभ्याच्या गडग्यांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर वळणापलीकडे गुरे बसलेली असतात. रोज दीडशे किलोमीटर पुष्कळ झाले. पाच-सहा दिवस काढता येत नसतील तर त्याने सरळ महामार्ग धरावा.

आता या खाड्यांवर पूल उभारण्याची कामे हाती घेण्यात आली आहेत. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८०-८२ च्या सुमारास पुढे आली. चार दशके लोटल्यावर तिला आकार येत आहे. यामुळे प्रवासाची गोडी जाईल, असे हळहळणारे रसिक आम्हांस भेटतात. त्यांची हळहळ खोटी नाही. पण तरीचे सौंदर्य त्यालाच दिसते, ज्याचे तिच्यावाचून अडत नाही. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरील पूल कोसळला आणि पणजी व बेती यांच्यामध्ये गोमंतकीय पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभा राहिला, तेव्हा त्या रांगेत कोणालाही काव्य सुचले नव्हते. कामावर, इस्पितळात, परीक्षेला पोहोचण्याची विवंचना तेवढी होती. तवसाळच्या वा वेसवीच्या माणसाने रात्री बाळंतिणीला पैलतीरी कसे न्यावे, याचे उत्तर सूर्यास्ताची छायाचित्रे घेणाऱ्याने आधी द्यावे. पूल हवेतच.

आमचे मागणे एवढेच की, पूल झाले म्हणून धक्के ओसाड टाकू नयेत. पणजीला पूल असूनही बेतीची फेरीबोट चालतेच ना? तशीच दिवसाकाठी चार-सहा फेऱ्यांची सोय दाभोळला आणि बागमांडल्याला राहावी, धक्क्याकडे वळणाऱ्या फाट्यावर वेळापत्रकाचा ठळक मराठी फलक लागावा आणि उताराचे शेवाळ दर पंधरवड्यास खरवडले जावे. ज्यांना हा किनारा आजच्या रूपात पाहावयाचा आहे, त्यांनी मात्र येत्या हिवाळ्यातच निघावे.