एसीच्या पाटीवरचा आकडा

एसीचं बाहेरचं युनिट आपण सहसा दोनदाच बघतो, बसवताना आणि बिघडल्यावर. आज एकदा मुद्दाम बघा. त्याच्या बाजूच्या पत्र्यावर एक पाटी चिकटवलेली असते. व्होल्टेज, वजन, मॉडेल नंबर या गर्दीत एक ओळ सापडेल: आर-२२, आर-४१०ए, आर-३२ किंवा आर-२९०. पुढे वजन असतं, ०.७५ किलो, ०.३५ किलो असं काहीतरी. आपण ज्याला नुसतं ‘गॅस’ म्हणतो, त्याचं हे नाव आणि हे माप. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या दुकानांतल्या एसींवर ही नावं भराभर बदलली. ती का बदलली आणि घरातल्या जुन्या एसीचं आता काय करायचं, हे त्या आकड्यापासून सुरुवात केली की नीट कळतं.

आधी हा गॅस करतो काय ते पाहू. तापात कपाळावर कोलन वॉटरची पट्टी ठेवली की गार वाटतं, कारण कोलन वॉटर उडून जाताना कपाळाची उष्णता सोबत नेतं. एसीतही हेच घडतं. फरक इतकाच, की इथे उडालेला द्रव हवेत सोडून न देता पकडून पुन्हा वापरतात.

खोलीतल्या कूलिंग कॉइलमध्ये गॅस द्रवरूपात येतो. तिथला दाब असा राखलेला असतो की तो पाच-दहा अंश सेल्सिअसलाच उकळतो. खोलीतली तीस अंशांची हवा त्याच्या लेखी पेटती चूलच. तो उकळतो, वाफ होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून ओढून घेतो. ही वाफ बाहेरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर दाबतो. दाबली की ती तापते. बाहेरच्या कॉइलमध्ये तिचं तापमान पन्नास अंशांच्या आसपास असतं, म्हणून मे महिन्यातल्या अडतीस अंशांच्या हवेलाही ती उष्णता देऊ शकते. उष्णता गेली की तिचा पुन्हा द्रव होतो. मग कॅपिलरी नावाच्या केसासारख्या बारीक नळीतून जाताना त्याचा दाब पडतो आणि गार झालेला द्रव परत खोलीतल्या कॉइलमध्ये येतो.

या फेऱ्यात गॅस कुठेही खर्च होत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवा. तो पेट्रोलसारखा जळत नाही आणि वंगणासारखा खराबही होत नाही. तांब्याच्या नळ्या शाबूत असतील, तर कारखान्यात भरलेला गॅस एसी भंगारात जाईपर्यंत पुरतो. पुढचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे.

आता तो आकडा वाचायला शिकू. उजवीकडून निघायचं. शेवटचा अंक म्हणजे रेणूतले फ्लोरिनचे अणू. त्याआधीच्या अंकातून एक वजा केला की हायड्रोजनचे अणू मिळतात. शतकाच्या जागच्या अंकात एक मिळवला की कार्बनचे. आर-२२ मध्ये शतकाची जागा रिकामी, म्हणजे शून्य. तेव्हा कार्बन एक, हायड्रोजन एक, फ्लोरिन दोन. कार्बनला चार हात असतात. तीन भरले, उरलेला एक क्लोरिनने धरला. जुन्या फ्रिजमधल्या आर-१२ मध्ये हायड्रोजन नाही, फ्लोरिन दोन आणि म्हणून क्लोरिनही दोन. आर-३२ मध्ये हायड्रोजन दोन, फ्लोरिन दोन. चारही हात भरले, क्लोरिनला जागाच नाही. आर-२९० मध्ये कार्बन तीन, हायड्रोजन आठ, फ्लोरिन शून्य. हा तर साधा प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या मिश्रणाचा एक घटक.

क्लोरिन, फ्लोरिन आणि हायड्रोजन या तिघांच्या प्रमाणातच या गॅसांचा सगळा इतिहास आहे. क्लोरिन ओझोन खातो. फ्लोरिनमुळे रेणू टिकाऊ होतो आणि सहसा पेटत नाही, पण हवेत सुटला की तो उष्णता धरून ठेवतो. हायड्रोजन वाढला की गॅस हवेत लवकर मोडतो, पण पेटण्याकडे झुकतो. तिन्ही बाजूंनी निर्दोष असा गॅस अजून कोणाला सापडलेला नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू असत. गळती झाली तर जिवावर बेतायचं. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आर-१२ पुढे आणला. तो विषारी नाही आणि पेटतही नाही हे पटवण्यासाठी मिजलीने १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो छातीभर ओढून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवली. घराच्या आत तो खरोखरच सुरक्षित होता. पण तो इतका टिकाऊ, की खालच्या हवेत मोडतच नाही. शंभर वर्षं टिकणारा हा रेणू वर वर चढत स्थितांबरात पोचतो. तिथले अतिनील किरण त्याला फोडतात, क्लोरिन सुटतो आणि क्लोरिनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. मारियो मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये हा धोका मांडला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनचं छिद्र आढळलं आणि १६ सप्टेंबर १९८७ ला मॉन्ट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला.

आर-१२ चं कुळ आधी बंद झालं. घरगुती एसीतला आर-२२ हा त्याचा सौम्य भाऊ. त्यातल्या एका हायड्रोजनमुळे तो बारा-एक वर्षांत खालच्या हवेतच बराचसा मोडतो. ओझोनचं नुकसान करण्याची त्याची ताकद आर-१२ च्या जेमतेम साडेपाच टक्के. म्हणून त्याला जास्त मुदत मिळाली. पण मुदत ती मुदतच. विकसनशील देशांसाठी ठरलेलं वेळापत्रक असं: २०१३ मध्ये वापर गोठवायचा, २०१५ पर्यंत १० टक्के कपात, २०२० पर्यंत ३५, २०२५ पर्यंत ६७.५ टक्के आणि २०३० ला जवळजवळ पूर्ण बंद. जुनी यंत्रं दुरुस्त करता यावीत म्हणून २०४० पर्यंत अगदी थोडा साठा राखलेला आहे. भारतात नव्या उपकरणांच्या उत्पादनात या कुळातल्या गॅसांचा वापर २०२४ अखेर थांबला.

पहिला पर्याय आला तो आर-४१०ए. ४०० च्या घरातले आकडे मिश्रणांचे असतात, तिथे अणूंचं गणित चालत नाही. हे मिश्रण निम्मं आर-३२ आणि निम्मं आर-१२५. क्लोरिन अजिबात नाही, म्हणजे ओझोन सुखरूप. पण दुसरं माप लावून बघा. एक किलो कार्बन डायऑक्साइड शंभर वर्षांत हवा जितकी तापवतो त्याला १ धरलं, तर आर-२२ चा आकडा १८१०. आर-३२ चा ६७५ आणि आर-१२५ चा ३५००. दोहोंची सरासरी काढली की आर-४१०ए चा आकडा मिळतो, सुमारे २०८८. म्हणजे ओझोन वाचवायला आणलेला गॅस तापवण्याच्या बाबतीत जुन्यापेक्षाही वरचढ. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

हे आकडे घरगुती हिशेबात आणू. किलोभर आर-२२ हवेत गेला तर तो १८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार टाकतो. एवढा कार्बन डायऑक्साइड निघायला गाडीत जवळजवळ आठशे लिटर पेट्रोल जाळावं लागेल. एवढा गॅस हवेत सोडायला नटाची चावी आणि दोन-चार मिनिटं पुरतात.

त्यावर उपाय अगदी साधा निघाला: मिश्रणातला आर-१२५ काढून टाका, नुसता आर-३२ ठेवा. आकडा एकदम एक-तृतीयांशावर आला. शिवाय हा गॅस उष्णता चांगली वाहतो, त्यामुळे भरावाही कमी लागतो. २०१२ मध्ये डायकिनने जपानमध्ये आर-३२ चे एसी आणले आणि आज भारतातल्या दुकानांत बहुतेक नव्या स्प्लिट एसींवर हाच आकडा दिसतो. त्याच साली गोदरेजने भारतात प्रोपेनवर, म्हणजे आर-२९० वर चालणारे स्प्लिट एसी बाजारात आणले. त्याचा तापवण्याचा आकडा ३ च्या आसपास. साडेतीनशे ग्रॅम प्रोपेन गळला तर भार पडतो किलोभर कार्बन डायऑक्साइडचा.

मग सगळ्यांनी प्रोपेनच का घेतला नाही? तर तो पेटतो म्हणून. पण किती पेटतो, याचं गणित मांडून बघू. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. दर घनमीटर हवेत सुमारे ३८ ग्रॅम प्रोपेन मिसळला की ती हवा ठिणगीने पेटू शकते. एसीतला सगळा साडेतीनशे ग्रॅम गॅस खोलीत सारखा पसरला तर घनमीटरला दहा ग्रॅम पडतात, मर्यादेच्या पाव हिश्शाइतके. स्वयंपाकघरात आपण याच जातीचा १४.२ किलो गॅस बिनदिक्कत ठेवतो. तरीही गाफील राहून चालत नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत साचतो आणि तिथे मर्यादा ओलांडू शकतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घातलेला उग्र वास या गॅसला नसतो. म्हणूनच खोलीच्या आकारानुसार भराव्याची कमाल मर्यादा असते आणि दुरुस्तीला प्रशिक्षित माणूस लागतो. आर-३२ देखील पेटतो, पण नाखुशीने. त्याला घनमीटरला ३०० ग्रॅमच्या वर लागतात आणि त्याची ज्योत सेकंदाला १० सेंटिमीटरपेक्षाही सावकाश सरकते. सुरक्षेच्या वर्गवारीत आर-२२ आणि आर-४१०ए हे ए-१, आर-३२ हा ए-२-एल आणि प्रोपेन ए-३, ते याच कारणाने.

आर-३२ हाही शेवटचा मुक्काम नव्हे. २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत मॉन्ट्रियल करारात दुरुस्ती झाली आणि क्लोरिन नसलेले पण हवा तापवणारे गॅसही यादीत आले. भारताने ती सप्टेंबर २०२१ मध्ये स्वीकारली. आपला वापर २०२८ मध्ये गोठेल, २०३२ पासून कपात सुरू होईल आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जाईल. पाटीवरचा आकडा तेव्हा पुन्हा बदललेला असेल.

आता घरातल्या जुन्या एसीकडे वळू. पाटीवर आर-२२ असेल तर घाबरायचं कारण नाही. तो वापरणं गुन्हा नाही आणि दुरुस्तीपुरता गॅस अजून मिळतो. मात्र ‘आर-२२ महाग झालाय, त्याच मशीनमध्ये नवीन गॅस टाकून देतो’ असं कोणी म्हणालं तर हात जोडावेत. बाहेरची कॉइल पन्नास अंशांवर असताना आर-२२ चा दाब पावणेतीनशे पीएसआयच्या आत असतो. आर-३२ आणि आर-४१०ए चा सव्वाचारशेच्या पुढे जातो. गाडीच्या टायरमध्ये बत्तीस-एक असतो, यावरून कल्पना यावी. जुनी कॉइल आणि जुना कॉम्प्रेसर या दाबासाठी बनलेलेच नाहीत. कॉम्प्रेसरमधलं तेलही वेगळं लागतं. प्रोपेनचा दाब आर-२२ च्या जवळपास असल्याने तो जुन्या मशीनमध्ये चालून जातो, आणि धोका तिथेच आहे. कारण त्या मशीनचे स्विच आणि वायरिंग पेटत्या गॅसाचा विचार करून बसवलेलेच नाहीत. स्वयंपाकाचा गॅस भरणारे तर आगीशी खेळतात.

आणखी एक दृश्य ओळखीचं असेल. एप्रिल उजाडतो, एसी नुसता वारा फेकतो, आतल्या कॉइलवर बर्फाचा पांढरा थर दिसतो. मेकॅनिक स्टुलावर चढतो, गेज लावतो आणि म्हणतो, “काका, गॅस संपलाय. टॉप-अप करून देतो.” तो भरतो, खोली गार होते, आपण पैसे देतो. पुढच्या एप्रिलला तेच स्टूल, तोच संवाद. पण गॅस संपत नाही, हे आपण वर पाहिलं. तो गळतो. गेल्या वर्षीचा सगळा हवेत गेला, यंदाचाही त्याच वाटेने जाणार.

नीट काम करणारा माणूस आधी नळ्यांमध्ये नायट्रोजन दाबून भरतो आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावतो. बहुतेक वेळा पितळी फ्लेअर नटाच्या कडेने एक बारीक बुडबुडा फुगतो, फुटतो, पुन्हा फुगतो. तीच गळती. ती बंद केल्यावर व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांमधली हवा आणि ओल खेचून काढायची. गेजचा काटा शून्याच्या खाली जातो. पंप बंद केल्यावरही तो तिथेच थांबला तर काम पक्कं झालं. मग गॅसचा सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच भरायचा. याला तास-दीड तास लागतो आणि पैसेही जास्त पडतात. पण हा खर्च एकदाच होतो. घर बदलताना एसी काढायचा असेल तर आधी कॉम्प्रेसर चालवून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करून घ्यायला सांगा. नुसते नट सैल करून तो वाऱ्यावर सोडून देऊ नका.

मॉन्ट्रियल करार फळाला आला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार जगाच्या बहुतेक भागावरचा ओझोन २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावरचा २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. गॅस बदलण्याचं काम सरकारं आणि कारखाने करतील. नळीत भरलेला गॅस नळीतच ठेवणं मात्र आपल्या घरात ठरतं. तेव्हा पुढच्या वेळी गॅस भरायचे किती होतील हे विचारण्याआधी मेकॅनिकला एवढंच विचारा: “गळती कुठे आहे?”