जुन्या जीपचे टायर आणि पाटे : लांबच्या प्रवासाआधी पैसे कुठं घालायचे?



आमच्या गटातल्या एका ताईंकडे 2009 सालची बोलेरो आहे. दळणापासून दवाखान्यापर्यंत सगळ्या कामाला तीच. मागच्या मे महिन्यात आम्ही आठजणी तिच्यातून पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर करून परत येत होतो. भर दुपारी करमाळ्याच्या अलीकडे मागचा डावा टायर फुटला. ताईंच्या मुलानं घाबरून ब्रेक दाबला नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, ॲक्सिलेटरवरचा पाय काढला आणि गाडी आपोआप हळू होऊ दिली. म्हणून आज आम्ही तुमच्याशी बोलतोय.

कोडं असं होतं, की टायर गोटा झालेला नव्हता. नक्षी चांगली खोल होती. पंक्चरवाल्या दादांनी टायरच्या कडेवर बोट ठेवून एक आकडा दाखवला : 1714. म्हणजे 2014 सालच्या सतराव्या आठवड्यात बनलेला टायर. डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी असे चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. हा टायर आधी बरीच वर्षं स्टेपनी म्हणून पडून होता, म्हणून नक्षी राहिली, पण रबर म्हातारं झालं. बाजूच्या भिंतीवर केसासारख्या चिरा होत्या. धूळ होती म्हणून कुणाला दिसल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर कुणी बघितलंच नव्हतं. बनून दहा वर्षं झालेला टायर दिसायला कितीही चांगला असला तरी चालवू नका, असं टायर कंपन्याच सांगतात.

आता यंदा आम्हाला पावसाळ्यानंतर राजूर, भंडारदरा, रतनवाडीकडे आणि तिथून पुढं घाट उतरून कोकणात जायचं आहे. गाडी गॅरेजला नेली. तिथं सल्ला मिळाला, की मागं दोन पाटे वाढवा, गाडी दोन इंच उचला, रुंद टायर टाका, मग कुठंही न्या. पोरं खूश झाली. आम्ही मात्र पैसे काढायच्या आधी चार ठिकाणी विचारलं. त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी रुंद टायरचं. आमच्या गाडीला 215/75 आर 15 असा टायर येतो. 215 ही रुंदी मिलिमीटरमध्ये, 75 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या पंचाहत्तर टक्के, आणि 15 हे रिमचं माप इंचात. त्याऐवजी 235/75 टाकला तर चाक एकूण 30 मिलिमीटरनं मोठं होतं. पण गाडी उचलली जाते ती त्याच्या निम्मी, म्हणजे दीड सेंटिमीटर. एवढ्यासाठी चाक जड होतं, डिझेल जास्त जातं, वळताना टायर मडगार्डला घासू शकतो, आणि काट्यावर 60 दिसत असताना गाडी खरी साडेबासष्टनं पळत असते. नाकापेक्षा मोती जड झाल्यातला प्रकार.

कायद्याचंही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत आपल्या मनानं बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. गाडीला पंधरा वर्षं झाली की पुन्हा तपासणी होऊनच नोंदणी वाढते. तिथं उंच केलेली गाडी अडकली तर खेटे आपल्यालाच घालावे लागणार.

मग टायर बदलायचेच नाहीत का? बदलायचे, पण त्याच मापाचे. मापापुढं एक आकडा असतो, तो वजनाचा. 100 असेल तर तो टायर 800 किलो पेलतो. नवा टायर घेताना हा आकडा जुन्यापेक्षा कमी नको. नक्षीत तीन प्रकार मिळतात. साध्या डांबरी रस्त्याची, चिखलाची आणि दोन्हींच्या मधली. चिखलाची दिसायला रुबाबदार, पण डांबरावर आवाज करते, लवकर झिजते आणि ओल्या डांबरावर तिची पकड कमी. आपला प्रवास बहुतेक डांबरावर आणि थोडा मुरमाच्या रस्त्यावर, म्हणून आम्ही मधली घेतली.

जुना टायर वाचायला शिका, हे आम्हाला फार उपयोगी पडलं. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली जाते. मधोमध झिजला असेल तर हवा जास्त. एकच कड झिजली असेल तर व्हील अलाइनमेंट बिघडलं आहे. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअप गेलेत किंवा चाकाचं बॅलन्सिंग नाही. नक्षीच्या खाचेत आडवे छोटे उंचवटे असतात, त्यांची उंची 1.6 मिलिमीटर. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला.

आता पाटे. बोलेरोला मागं पाटे आणि पुढं गुंडाळीची स्प्रिंग असते. जुन्या कमांडर जीपला पुढंमागं पाटेच. पाटे वजन पेलतात, आणि शॉकअपचं काम असतं उसळी थांबवणं. ही दोन कामं वेगळी आहेत, पण गॅरेजला आपण नुसतं "गाडी आदळते" म्हणतो आणि पाटे वाढवून घेतो. पाटे वाढवले की गाडी भरलेली असताना ठीक वाटते. रिकामी असली की मागचं चाक खडबडीत रस्त्यावर उड्या मारतं, जमिनीवर टेकत नाही, आणि न टेकलेल्या चाकाला ब्रेक कसला लागणार? शिवाय मागं बसणाऱ्या बाईच्या कमरेला विचारा. रोज दुधाचे कॅन भरून नेणाऱ्या गाडीला पाटा वाढवणं समजू शकतं. आमच्यासारख्या गाडीला नको.

पाटे बसलेत की नाही, हे घरी बघता येतं. गाडी रिकामी, सपाट जागेवर उभी करा. शिवणकामाची टेप घ्या आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. आमच्या गाडीत डाव्या बाजूला तीन सेंटिमीटर कमी भरलं. खाली वाकून बघितलं तर एक पाटा चिरलेला. गाडी उचलायची गरजच नव्हती, ती एका बाजूनं बसली होती! चिरलेला पाटा बदलला. पाटा तापवून, ठोकून कमान देणारे भेटतात, पण नीट न तापवलेल्या पाट्याचा ताव जातो आणि तो पुन्हा बसतो किंवा तुटतो. पाटे आवळणारे यू-बोल्टही नवे घेतले. पाट्यांच्या टोकाचे रबरी बुश सगळे फाटलेले निघाले. त्यांची किंमत टायरच्या मानानं किरकोळ, पण गाडीचा निम्मा खडखडाट त्यांचाच होता.

शॉकअपवर तेल गळून धूळ चिकटलेली दिसली तर तो गेला. बंपर दाबून सोडायचा आणि गाडी किती वेळा हलते ते बघायचं, ही परीक्षा सगळे सांगतात, पण कडक पाट्यांच्या गाडीत ती फसवते. तेल आणि टायरवरचे खळगे बघा. एका बाजूचा गेला तरी दोन्ही बाजूंचे सोबत बदलायचे.

आपल्या नगरजवळच संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. गाडी खराब रस्त्यावर कशी टिकते हे तपासायला तिथं खास ट्रॅक बांधलेले आहेत. एवढा खटाटोप करून ठरवलेली उंची आणि कडकपणा आपण एका दुपारी गॅरेजमध्ये बदलायला निघतो, याचं आम्हाला आता हसू येतं.

हवेकडे या. टायर गार असताना सकाळी हवा बघायची. किती, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांचा आकडा वेगळा असतो. कमी हवेचा टायर चालताना सारखा दुमडतो, दुमडून तापतो, आणि मे महिन्याच्या डांबरावर फुटतो. टायर तापला असताना हवा जास्त दिसते म्हणून काढू नका. चिखलात किंवा वाळूत गाडी रुतली तर थोडी हवा कमी केल्यानं पकड वाढते, हे खरं. पण गाडीत पंप असेल तरच, आणि बाहेर निघाल्यावर लगेच भरायची.

आम्ही आठजणी म्हणजे साधारण पाचशे किलो. त्यावर कॅरिअरवर गॅसची शेगडी, अंथरुणं, पाण्याचे कॅन चढवायची आमची सवय. वर वजन गेलं की वळणावर गाडी कलते. आता पाणी आणि शेगडी खाली पायाशी, वर फक्त अंथरुणं.

यू-बोल्ट नवे असले की पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात, नाहीतर पाटे सरकतात. म्हणून प्रवासाच्या आधीच आम्ही गाडी नगरला बाजाराला दोन-तीनदा नेऊन आणतोय. स्टेपनीही नवी घेतली. जुनी विहिरीजवळ पडली आहे, तिच्यात ताईंनी माती भरून कडीपत्ता लावलाय.