शेगडी का पेटत नाही?

लायटर टकटक वाजतो आहे, गॅसचा फुसफुस आवाज येतो आहे, पण शेगडी काही केल्या पेटत नाही, असा अनुभव तुमच्या घरी कधीतरी आला असेलच. अशा वेळी मंडळी लायटरला दोष देऊन मोकळी होतात. दोष कधी लायटरचा असतोही. पण पुष्कळदा तो निराळ्याच ठिकाणी दडलेला असतो.

प्रथम लायटरच पाहू. नेहमीच्या लायटरमध्ये ना सेल असतो, ना गारगोटी. खटका दाबला की आतील स्प्रिंग दाबली जाऊन एकदम सुटते आणि एक छोटी हातोडी चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या खड्यावर आदळते. काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या समोरासमोरच्या बाजूंवर विरुद्ध विद्युत्भार प्रकट होतात, हे जाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिले होते. तोच हा गुणधर्म. कोरड्या हवेत एक सेंटिमीटर अंतर ओलांडायला ठिणगीला सुमारे ३०,००० व्होल्ट लागतात. लायटरच्या टोकाशी फट असते तीन-चार मिलिमीटरांची. म्हणजे एका टिचकीसरशी दहा हजार व्होल्टच्या आसपास विद्युत्दाब निर्माण होतो!

पावसाळ्यात किंवा फोडणीचा तेलकट थर टोकावर बसला म्हणजे हा भार हवेतून उडी मारण्याऐवजी त्या थरावरून मुकाट्याने वाहून जातो. ‘टक’ ऐकू येते, ठिणगी मात्र नसते. परीक्षा सोपी आहे. स्वयंपाकघरात गॅसचा वास नाही याची खात्री करून, सिलिंडर बंद ठेवून, अंधाऱ्या खोलीत लायटर दाबून पाहा. निळसर ठिणगी दिसली नाही तर टोक कोरड्या फडक्याने पुसा. तरीही नसेल तर आतला खडा तडकलेला असण्याचा संभव आहे; मग नवा लायटर आणणेच बरे.

ठिणगी दिसते, तरी ज्योत नाही, मग काय? घरगुती गॅस पेटवायला लागणारी ऊर्जा अगदी किरकोळ असते. एक ग्रॅमचे वजन अडीच सेंटिमीटर उंचीवरून खाली पडताना जेवढी ऊर्जा मिळते, साधारण तेवढीच. अडते ते मिश्रणापाशी. हवेत गॅसचे प्रमाण सुमारे २ ते ९ टक्के असेल तरच ते पेट घेते. त्याहून कमी किंवा जास्त असेल, तर ठिणगी वाया जाते. नवा सिलिंडर जोडल्यावर नळीतली हवा आधी बाहेर पडते, म्हणून पहिले काही क्षण शेगडी दाद देत नाही. नुकत्याच धुतलेल्या बर्नरच्या छिद्रांत पाणी अडले असेल किंवा दूध उतू गेले असेल, तरी असेच होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण. तो हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळे न पेटलेला गॅस ओट्यावरून खाली उतरतो आणि जमिनीलगत साचतो. लायटर वाजवीत राहिले, तर पंधराव्या टिचकीला शेगडीऐवजी खोलीच भडकायची! म्हणून दोन-तीन टिचक्यांत पेटली नाही, तर बटन बंद करावे, दारे-खिडक्या उघडावीत आणि वास पूर्ण गेल्यावरच पुन्हा प्रयत्न करावा. सिलिंडर बंद करूनही वास येतच राहिला, तर विजेचे कोणतेही बटन दाबू नये. दिवा बंद करतानाही बटनात ठिणगी पडतेच. घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

बर्नरखाली एक बारीक छिद्र असते. त्याला जेट म्हणतात. त्यातून वेगाने निघणारा गॅस बाजूची हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. तेथे धूळ वा कोळ्याचे जाळे बसले की ज्योत मरगळते. काही जण तेथे जाड सुई खुपसतात. ते चूक आहे. छिद्राचा व्यास १० टक्क्यांनी वाढला की क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते. गॅस जास्त, हवा अपुरी, ज्योत पिवळी आणि भांडी काळी. हे काम जाणकार माणसावरच सोपवावे.

आमच्या जालना जिल्ह्यात पौषातल्या पहाटे आणखी एक तक्रार ऐकू येते: सिलिंडर संपत आला की ज्योत लहान होते. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली. त्यामुळे प्रोपेन आधी अधिक प्रमाणात निघून जातो, तळाशी ब्यूटेन जास्त उरतो आणि थंडीत त्याचा बाष्पदाब कमी असतो. शिवाय बाष्पीभवनाने उरलेला द्रव आणखी गार होतो. म्हणून कोणी सिलिंडर आडवा करतात, कोणी गरम पाण्यात ठेवतात. दोन्ही प्रकार धोक्याचे. आडव्या सिलिंडरमधून द्रवच नळीत येऊ शकतो.

गॅस गीझरची तऱ्हा निराळी. पाणी वाहू लागले की त्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो व विजेचा खटका लागतो. मग सेलवर चालणारे मंडल ठिणग्या पाडते. गच्चीवरची टाकी नळापेक्षा दोनच मीटर उंच असेल, तर दाब मिळतो वातावरणाच्या पंचमांशाएवढाच. त्यात बोअरचे पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार साचतात, प्रवाह मंदावतो आणि पडदा हलतच नाही. म्हणून आधी सेल बदलून पाहावे, नंतर पाण्याची जाळी साफ करावी. गीझर मात्र न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा. बंद खोलीत हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला वास नसतो आणि तो रक्तातील हीमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आत आंघोळ करणाऱ्याला काही कळण्यापूर्वीच शुद्ध हरपते.