रेघेबाहेरचा अर्धा मिलिमीटर

औरंगाबादजवळच्या वाळूजला ॲल्युमिनियम भेटतं ते बहुतेक वेळा वितळलेल्या रूपात. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना तिथे सुरू झाला. त्याच वर्षी एन्ड्युरन्स कंपनीने दोन डाय कास्टिंग मशीनांवर औरंगाबादेत काम सुरू केलं. तेव्हापासून या गावाला या धातूची सवय लागली ती अशी: वितळवायचा, दाबाने पोलादी डायमध्ये भरायचा, काही क्षणांत तयार भाग बाहेर काढायचा आणि पुढच्या मापासाठी कॉम्प्युटरने चालणाऱ्या सीएनसी मशीनवर चढवायचा. दुचाकीच्या इंजिनाची केसिंग, चाकाचे हब असे भाग या पद्धतीने लाखांनी निघतात.

आता याच औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कुणाला स्वतःच्या कॉम्प्युटरसाठी स्वतःच्या मापाची केस हवी आहे. एकच, आणि तीही दुकानात मिळते तशी पातळ पत्र्याची नव्हे, जाड प्लेटची. एका नगासाठी डाय कुणी करत नाही. व्हीएमसीवाला, म्हणजे सीएनसी मिलिंग मशीनवाला, करून देईल, पण त्याला आधी ड्रॉइंग लागतं, मग प्रोग्राम, मग जॉब पकडायची सोय. एका प्लेटसाठी एवढा घाट घालायचा तर तो त्याचे पैसे लावणारच, आणि त्यात त्याची चूक नाही. मग उरतो सगळ्यात जुना रस्ता: बेंच व्हाइस, हेक्सा आणि कानस. या रस्त्याला आपल्याकडे ‘फिटरचं काम’ म्हणतात, आणि हा लेख त्याच कामाबद्दल आहे.

जाड प्लेटच का, हा प्रश्न रास्त आहे. बाजारातल्या केसचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असतो. तो ताठ राहतो तो घड्यांमुळे, आणि घड्या घालायला प्रेस ब्रेक लागतो. घरात प्रेस ब्रेक नसतो. वेल्डिंग करावं म्हटलं तर ॲल्युमिनियम नाठाळ. धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्याच्यावरची ऑक्साइडची अदृश्य साय दोन हजार अंशांच्या पुढे. साय फुटेपर्यंत खालचा धातू ओघळून गेलेला असतो, म्हणून टिग मशीन आणि मुरलेला हात दोन्ही हवेत. जाड प्लेट या दोन्ही कटकटी टाळते. ८-१० मिलिमीटरच्या प्लेटच्या कडेतच भोक पाडून आटे पाडता येतात, आणि दोन प्लेटा काटकोनात स्क्रूने जोडता येतात. वाकवणं नाही, वेल्डिंगही नाही. म्हणजे जाडी ही हौसेपेक्षा अडचणीतून आलेली गोष्ट आहे, निदान सुरुवातीला. नंतर तिची हौस वाटू लागते हे खरं.

मात्र हौसेचा हिशेब आधीच केलेला बरा. ४५० बाय ४५० मिलिमीटरची १० मिलिमीटर जाड प्लेट साडेपाच किलोच्या घरात जाते. केसच्या नुसत्या दोन बाजू ११ किलो झाल्या. शहाणा माणूस जाड माल फक्त चौकटीला, कोपऱ्यांच्या खांबांना आणि दर्शनी बाजूला वापरतो. बाजूंना दोन-तीन मिलिमीटर पुरतं.

माल घेताना ‘ॲल्युमिनियम द्या’ एवढंच सांगून भागत नाही. शुद्धाच्या जवळचं ॲल्युमिनियम मऊ असतं आणि करवतीला चिकटतं. दात कापत नाहीत, लोळवतात. खिडक्यांच्या सेक्शनला ६०६३ मिश्रधातू लागतो, ज्याला बाजारात एचई ९ म्हणतात. तो दिसायला सुरेख आणि कापायला बरा. एचई ३०, म्हणजे ६०८२, त्याहून कणखर. त्याचा कीस सुटा पडतो आणि आटेही नीट धरतात. फिटरला विचाराल तर तो हाच सांगेल. वाळूजच्या भंगारात पडलेला कास्टिंगचा तुकडा मात्र मोहात पाडत असला तरी घेऊ नये. डाय कास्टिंगच्या मिश्रधातूत दहा टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं. ते साच्यात छान वाहतं, पण अनोडायझिंगला, म्हणजे विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा जाडसर थर चढवायला, पाठवलं की काळपट, डागाळलेलं परत येतं.

कापणं सुरू होण्याआधी आखणी, आणि इथे माझं मत ठाम आहे: हातकामात अचूकपणा करवतीतून येत नाही, आखणीतून येतो. कॉम्प्युटरची मापं तडजोड करत नाहीत. इंटेलने १९९५ साली आणलेल्या एटीएक्स पद्धतीत मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा. मागच्या जोडण्यांची खिडकी १५८.७५ बाय ४४.४५, म्हणजे सव्वासहा इंच बाय पावणेदोन. कार्डांच्या फटी एकमेकींपासून बरोबर २०.३२ मिलिमीटरवर. १२० मिलिमीटर पंख्याची भोकं १०५ वर. यातली एक रेघ मिलिमीटरभर चुकली तर ग्राफिक्स कार्ड खाचेत तिरकं बसतं, आणि त्या खाचेची किंमत प्लेटच्या कितीतरी पट असते.

पोलादावर आखणी करताना फिटर मोरचुदाचं पाणी लावतो. तांब्याचा पातळ थर चढतो आणि त्यावर सुईची रेघ चमकते. गंमत म्हणजे याच शहरात बिदरीचं काम करणारे कारागीर हेच करतात. जस्त-तांब्याची ओतीव सुरई कानशीने घासून गुळगुळीत केली की तिच्यावर मोरचूद चोळतात, पृष्ठभाग काळवंडतो आणि नक्षीची रेघ पांढरी उमटते. नक्षी कोरून चांदी बसवली की मग बिदरच्या किल्ल्यातल्या मातीने कायमचा काळा रंग येतो. कारखान्यातला फिटर आणि बिदरीवाला एकमेकांना क्वचित भेटत असतील, पण कानस आणि मोरचूद दोघांच्या पेटीत आहेत. ॲल्युमिनियमवर मात्र मोरचूद नीट धरत नाही, पुन्हा त्या ऑक्साइडमुळे. तिथे मार्किंग ब्लू किंवा साधा काळा मार्कर चालतो. जी बाजू दर्शनी राहणार तिच्यावर सुई ओढूच नये. ती रेघ पुढे पॉलिशमधूनही डोकावते. कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर पेन्सिलीने आखावं.

आता करवत. हेक्सा ब्लेडवर दात इंचाला १४, १८, २४ किंवा ३२ असतात. घरात पडलेलं ब्लेड हमखास २४ चं निघतं, आणि ते पाइप कापायला ठीक. १० मिलिमीटर ॲल्युमिनियममध्ये त्याच्या दातांमधली जागा कीसाने भरून जाते आणि ब्लेड नुसतं घसरत राहतं. इथे १४ किंवा १८ दाती घ्यावं. दातांची टोकं पुढे, ताण करकचून, आणि हात पूर्ण लांबीचा: मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्या, त्याहून जास्त नाही. अधूनमधून रॉकेल किंवा मेणाचा तुकडा. घाई करणारा ब्लेडच्या मधल्या चार इंचांनीच कापतो, आणि तेवढेच दात झिजवून ब्लेड फेकतो.

अडचण येते फ्रेमची. काप फ्रेमच्या पोटाएवढा खोल गेला की फ्रेम प्लेटवर आपटते. ब्लेड ९० अंशांत फिरवून लावलं तर कडेच्या पट्ट्या निघतात, पण प्लेटच्या मधोमध हेक्सा पोचतच नाही. जिगसॉ असेल तर उत्तम. काही जण गल्लीतल्या स्लायडिंग खिडक्यावाल्याकडे जातात. त्याच्याकडे कार्बाइड दातांचं चॉप सॉ असतं आणि सरळ काप तो झटक्यात देतो. अँगल ग्राइंडर मात्र नको. साधारण घासणाऱ्या चकतीत ॲल्युमिनियम भरतं, चकती तापते आणि फुटण्याची भीती असते. बेंच ग्राइंडरवर ॲल्युमिनियम लावू नये, हे आयटीआयत पहिल्या काही दिवसांतच बजावतात.

आतला आकार, म्हणजे पंख्याचं वर्तुळ किंवा मागची खिडकी, काढायची जुनी पद्धत साखळी ड्रिलिंगची. रेघेच्या आतून ओळीने भोकं पाडायची, मधले पडदे छिन्नीने किंवा ब्लेडच्या तुकड्याने तोडायचे आणि मधला भाग ठोकून बाहेर काढायचा. ११५ मिलिमीटरच्या वर्तुळाला ६ मिलिमीटरच्या ड्रिलने पन्नासच्या वर भोकं लागतात. काम कंटाळवाणं आहे, त्याला रमणीय म्हणण्यात अर्थ नाही.

मग कानस. सगळा काप रेघेबाहेर अर्धा मिलिमीटर ठेवलेला असतो तो कानशीसाठी. नवखा माणूस रेघेवरच कापायला जातो, करवत जरा झुकते, रेघ जाते आणि प्लेट वाया जाते. जुना फिटर रेघेला करवत लावतच नाही.

ॲल्युमिनियमची कानशीशी खोडी ठरलेली: कीस दातांत रुतून बसतो आणि त्याचा एक कण पुढच्या हाताला पृष्ठभागावर खोल ओरखडा काढतो. त्यावर उपाय खडूचा. कानशीवर खडू घासला की कीस रुतत नाही. दर थोड्या वेळाने तारेच्या ब्रशने दातांच्या दिशेने झाडायचं. वक्र दातांची खास कानस मिळते, तिला आधीच वाट मोकळी असते. पण ती नसली तरी चालतं. घासलेल्या जागी बोट फिरवू नये, घामाचा ओशटपणा लागला की कानस तिथे घसरते.

सपाट घासणं ही या धंद्यातली सर्वांत अवघड गोष्ट. हात पुढे जाताना दाब डाव्या हातावरून उजव्या हातावर सरकवत न्यावा लागतो. तो सरकला नाही तर कानस झुलते आणि कड मधे फुगीर, टोकांना उतरलेली होते. म्हणून दर थोड्या वेळाने गुण्या लावून उजेडाकडे धरायचं. उजेडाची बारीक चीर जिथे दिसत नाही, तिथे अजून घासायचं आहे. आयटीआयच्या दोन वर्षांच्या फिटर ट्रेडमध्ये सुरुवातीच्या जॉबना अर्ध्या मिलिमीटरची सूट असते, आणि पुढे एकमेकांत बसणाऱ्या भागांना ती ०.०४ मिलिमीटरवर येते, तीही बहुतांशी हातानेच. जर्मनीच्या सहकार्यातून देशात अहमदाबाद, इंदूर आणि औरंगाबाद इथे टूल रूम उभ्या राहिल्या. इथली चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आहे. तिथे डाय आणि मोल्ड अत्याधुनिक मशीनवर होतात, तरी टूल आणि डाय मेकिंग शिकायला आलेला दहावी पास मुलगा आधी बेंचवर कानस धरतो. या कानसकामाला बरेच पालक नाकं मुरडतात. मला ते शिक्षण शहाणपणाचं वाटतं, कारण मापातला शंभरावा भाग मशीनच्या पडद्यावर नुसता आकडा असतो, आणि हाताला मात्र तो कळतो.

आणि एका बाबतीत तर हात मशीनला मागे टाकतो. व्हीएमसीचं एंड मिल गोल असतं, त्यामुळे आतल्या कोपऱ्यात ते नेहमी गोलाई सोडतं. मागच्या खिडकीचा कोपरा धारदार ९० अंशांचा हवा असेल तर चौकोनी किंवा तीनधारी कानस घ्यावी लागते. काही चपट्या कानशींची एक कड बिनदाती असते. ती एका भिंतीला टेकवून दुसरी भिंत घासता येते, पहिलीला ओरखडा न येता. ॲल्युमिनियमच्या केस काही नव्या नाहीत: २००३ साली ॲपलने ॲल्युमिनियमचा पॉवर मॅक जी५ काढला आणि तैवानच्या लियान लीने ब्रश केलेल्या ॲल्युमिनियमच्या केसना जगभर नाव मिळवून दिलं. त्या सगळ्या घासाईत मशीनचा वाटा मोठा आहे, पण आतला तीक्ष्ण कोपरा ही आजही हातकामाची सही समजायला हरकत नाही.

मोजमापाचा एक मुद्दा मराठवाड्यात विसरून चालत नाही. ॲल्युमिनियम उष्णता भराभर पसरवतं. एका टोकाला ड्रिल चालू असेल तर दुसऱ्या टोकाला धरलेला हात पोळतो. आणि ते फुगतंही. ३०० मिलिमीटरची प्लेट ३० अंशांनी तापली तर ०.२ मिलिमीटरने लांबते, म्हणजे फिटरच्या त्या ०.०४ मिलिमीटरच्या सुटीच्या पाचपट. मे महिन्यात दुपारी गच्चीवर घासून लगेच व्हर्नियर लावणाऱ्याची दोन भागांची जोडणी संध्याकाळी बसत नाही. जॉब सावलीत निवू द्यावा, मग मोजावा.

आट्यांचं काम लहान पण नाजूक. मदरबोर्डच्या खुंट्यांना एम ३ किंवा ६-३२ चे स्क्रू चालतात. एम ३ साठी २.५ मिलिमीटरचं ड्रिल, रॉकेलचा थेंब, आणि टॅप अर्धा फेरा पुढे गेला की थोडा मागे. मागे न घेणाऱ्याचा टॅप आतच तुटतो, आणि तुटलेला टॅप मऊ ॲल्युमिनियममधून काढणं हा स्वतंत्र छळ आहे. जे स्क्रू वारंवार उघडायचे तिथे एम ३ ऐवजी एम ४ ठेवावा. ॲल्युमिनियमचे आटे लवकर झिजतात.

शेवटी पृष्ठभाग. एमरी पेपर एकाच दिशेने, पट्टीच्या आधाराने ओढला की ब्रश केल्यासारख्या सरळ रेषा उमटतात. मग अनोडायझिंग. त्याचा थर काही मायक्रॉनचाच, पण तो वीज अडवतो. मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय तारांखेरीज केसमधूनही एकमेकांशी अर्थिंगने जोडले जातात. रंगून आलेल्या केसमध्ये ती वाट बंद झालेली असू शकते. म्हणून खुंट्यांखालची आणि पॉवर सप्लायच्या स्क्रूखालची जागा आतल्या बाजूने कानशीच्या टोकाने खरवडून धातू उघडा करावा लागतो. मल्टीमीटर लावून दोन टोकांत बीप येतो का पाहावं, आणि आला की मगच बोर्ड बसवावा.