वर्षाला पन्नास पुस्तकं : एक फसलेला हिशेब

गेल्या जानेवारीत आपल्या मंडळाच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं की या वर्षी मी पन्नास पुस्तकं वाचणार. टाळ्या पडल्या. सरांनी ते फळ्यावर लिहिलंसुद्धा. डिसेंबर संपला तेव्हा माझ्या वहीत आकडा होता ४१. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, ‘‘काय गं, कुठे अडलं?’’ प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. यंदा तुमच्यापैकी काहीजण हाच पण करताहेत असं कळलंय, त्यांच्याही उपयोगी पडेल.

असे पण जगभर लोक करतात. गुडरीड्स या संकेतस्थळावर २०११ पासून वर्षाच्या सुरुवातीला आपला आकडा टाकायची सोय आहे. मग ते वर्षभर तुम्हाला सांगत राहतं की तुम्ही दोन पुस्तकं मागे आहात, तीन पुस्तकं मागे आहात. घरी आई काय कमी बोलते म्हणून हे! ॲन मॉर्गन नावाच्या इंग्लंडच्या लेखिकेने २०१२ साली जगातल्या प्रत्येक देशाचं एक पुस्तक वाचायचं ठरवलं. तिच्या यादीत १९६ देश होते, म्हणजे साधारण दोन दिवसांत एक पुस्तक. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट साओ तोमे आणि प्रिन्सिपे या छोट्या बेटदेशाची. तिथली भाषा पोर्तुगीज, आणि इंग्रजीत तिथलं काही मिळेना. शेवटी काही स्वयंसेवकांनी मिळून एक कथासंग्रह तिच्यासाठी पोर्तुगीजमधून इंग्रजीत आणला. आपल्या गोव्यात ती आली असती तर एखाद्या आजोबांनी बाल्कनीत बसून तिला तो तोंडी सांगितला असता.

अमेरिकेतल्या नीना सांकोविचची गोष्ट वेगळी आहे. मोठी बहीण गेल्यावर तिने वर्षभर रोज एक पुस्तक वाचलं. तिला कुणाला आकडा दाखवायचा नव्हता, दुःखातून वाट काढायची होती. मला मात्र आकडाच दाखवायचा होता. फरक तिथेच पडला, पण तो मला ऑगस्टपर्यंत कळला नाही.

आधी साधं गणित. मराठी कादंबरी किंवा कथासंग्रह सरासरी १८० पानांचा धरला तर पन्नास पुस्तकांची ९,००० पानं होतात. ३६५ ने भागलं की दिवसाला पंचवीसच्या आत. एवढंच? असंच मलाही वाटलं. पण दोन्ही सेमिस्टरच्या परीक्षा, चवथ, घरातली दोन लग्नं आणि एक ताप धरून साठ दिवस वजा करा. उरतात ३०५ दिवस, आणि रोजची पानं होतात तीस. साखळीहून म्हापशाला येताना बसमध्ये बसायला जागा मिळाली तर माझी पंधरा पानं होतात. उभं राहावं लागलं तर शून्य. पावसाळ्यात खिडकी बंद, आत अंधार, शेजारच्याची छत्री आपल्या पुस्तकावर गळतेय, तेव्हा पाच. म्हणजे उरलेली पानं रात्री, आणि रात्री असतो मोबाईल. ज्यांना हा पण करायचाय त्यांनी आधी आठवडाभर आपली रोजची खरी पानं मोजावीत आणि मगच आकडा बोलावा. मी उलटं केलं.

दुसरा प्रश्न, काय मोजायचं? अभ्यासक्रमातली पुस्तकं धरायची नाहीत असं मी ठरवलं होतं. पण मग ‘ख्रिस्तपुराणा’चं काय? १६१६ साली फादर स्टीफन्सनी लिहून छापलेला हा ग्रंथ जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा आहे. आम्हाला नेमलेला भाग वाचून मी थोडी पुढे गेले, पंधरा दिवस त्यातच गेले, आणि वहीत शून्य. त्याच पंधरा दिवसांत सहा एकांकिकांच्या पुस्तिका झाल्या असत्या, आणि त्यांचे सहा मिळाले असते. मोजायचं एकक पुस्तक असलं की अकरा हजार ओव्या आणि चाळीस पानं यांची किंमत एकच होते.

आणि अर्धवट सोडलेली पुस्तकं? नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपालबाईंचा एक नियम मला पटला : पन्नास पानं वाचा, नाही रुचलं तर खुशाल सोडा. वय पन्नाशीपुढे गेलं असेल तर शंभरातून वय वजा करा आणि तेवढीच पानं वाचा. हे मी आजीला सांगितलं. ती ८२ वर्षांची, म्हणजे अठरा पानं. ती म्हणाली, ‘‘अठरा कित्याक? एक पुरो.’’

आता मूळ भानगड. जूनअखेर माझी सतरा झाली होती. पन्नासाला निम्म्या वर्षात पंचवीस हवीत, म्हणजे आठ मागे. मग मी लायब्ररीत कपाटासमोर उभी राहून पुस्तकाचा कणा बघायला लागले. लेखक नंतर, नाव नंतर, आधी जाडी. जुलै-ऑगस्टमध्ये मी आणखी सतरा वाचली आणि त्यातली अकरा शंभर पानांच्या आतली होती. एक कवितासंग्रह साखळीला उघडला आणि म्हापशाचं स्टँड यायच्या आत संपवला. कवीला किती वर्षं लागली असतील देव जाणे. ‘मृत्युंजय’ हातात घेऊन तीनदा परत ठेवलं, कारण तेवढ्या वेळात चार होतात. बारीक पुस्तकं वाईट असतात असं नाही हं. ‘बनगरवाडी’ काही जाड नाही, आणि ती वाचताना मी दोनदा स्टॉप चुकवला. पण मी ती निवडली होती बारीक म्हणून, ते खरं.

ऑगस्टमध्ये एफ.वाय.ची एक मुलगी लायब्ररीत भेटली. माझी यादी मंडळाच्या फलकावर लागलेली असायची, ती बघून तिने ‘रणांगण’ घेतलं होतं. म्हणाली, ‘‘ताई, हॅर्टाचं शेवटी जे होतं, ते तुला पटलं?’’ मला बोट आठवत होती, युरोपातून पळून निघालेले ज्यू आठवत होते. शेवट आठवेना. जेमतेम महिन्याभरापूर्वी वाचलेलं पुस्तक! मी काहीतरी ठोकून दिलं. ती काही बोलली नाही, फक्त पुस्तक उघडून शेवटची पानं माझ्यासमोर धरली. मी वाचली. पहिल्यांदाच वाचतेय असं वाटलं. घरी जाऊन चौतीस नावांसमोर पेन्सिलने खुणा केल्या : ज्याबद्दल दोन मिनिटं धड बोलता येईल त्याला बरोबर. बरोबरच्या खुणा आल्या एकोणीस.

चवथीच्या सुट्टीत मी ओसरीवर ‘स्मृतिचित्रे’ घेऊन बसले होते. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण बारीक अक्षर तिला अजून लागत नाही. ती म्हणाली, ‘‘मातशें व्हडान वाच गो.’’ तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवे लागल्यावर वाचन. मोठ्याने वाचताना तासाला दहा पानंसुद्धा होत नाहीत, आणि आजी मध्ये थांबवते. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचं सोवळं, घरात आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची त्यांची तऱ्हा, हे ऐकून तिला तिची सासू आठवली. त्या दिवशी दोन पानं झाली आणि दीड तास सासूच. टिळक ख्रिस्ती झाले, नवराबायको वेगळे पडले, तिथे ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, कालचंच परत वाच. मी परत वाचलं. शाळेत न गेलेल्या बाईने हे एवढं लिहिलं, यावर तिचा शेवटपर्यंत विश्वास बसत नव्हता. पुस्तक दिवाळीनंतर संपलं. अडीच महिने, आकडा एक.

मला रोज रात्री मनातल्या मनात वजाबाकी होत होती, हे खोटं कशाला सांगू? एकदा तर मी दोन पानं गाळून पुढे गेले. आजीने लगेच पकडलं, ‘‘मधलें खंय गेलें?’’ त्यानंतर गाळलं नाही. बसमध्ये दुसरी पुस्तकं चालूच होती, म्हणून एक्केचाळीसपर्यंत तरी पोचले.

डिसेंबरात गंमत म्हणून पानांची बेरीज केली. माझी ४१ पुस्तकं मिळून ५,९०० पानं भरली. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीने काही पण वगैरे न करता पंधराच वाचली, पण त्यात ‘मृत्युंजय’ होतं आणि ‘झाडाझडती’ होतं. पानांत ती माझ्या फार मागे नव्हती. आणि तिला कर्णाबद्दल काही विचारा, तुमचा डबा खायचा राहून जाईल.

मग पण करायचाच नाही का? माझं मत, करावा. पण नसता तर मी मुळात बसमध्ये पुस्तक उघडलंच नसतं, रील्स बघत आले असते, आणि आजीनेही मला वाचताना पाहिलं नसतं. फक्त आकडा फलकावर लावू नये. यंदा मी पुस्तकं मोजत नाही, रोजचा अर्धा तास मोजतेय. तो भरला की कॅलेंडरवर टिंब. जाड पुस्तक घेतलं म्हणून टिंब कमी होत नाही. पुस्तक संपलं की वहीत तीन ओळी, त्याही पुस्तक मिटून, आठवणीतून. तीन ओळी सुचल्या नाहीत तर ते वाचलंच नाही असं समजून परत कपाटातून काढायचं.

त्या हिशेबाने पंधरा पुस्तकं परत वाचायची आहेत. पहिलं ‘रणांगण’ घेतलंय. आजीचं मात्र वेगळंच चाललंय, तिला आता लक्ष्मीबाईंसारखंच ‘दुसरें कितेंय’ हवंय. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर मला लायब्ररीत गाठा. अक्षर बारीक असलं तरी चालेल, वाचायला मीच आहे.