वास्तू आणि वस्ती

वास्तुविद्येचा विद्यार्थी पहिल्या वर्षी आपल्या मेजावर कोरा कागद पसरतो आणि त्यावर पहिली रेघ ओढतो. आता बहुतेक ठिकाणी कागदाची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली आहे. पण तोही कोराच असतो. त्याची पहिली फसगत होते ती येथेच. कारण ज्या जमिनीवर इमारत उभी राहायची असते, ती जमीन मात्र कधीच कोरी नसते. तेथे कोणीतरी आधीच पायवाट पाडलेली असते, कोणाची तरी गुरे बांधलेली असतात, एखाद्या झाडाखाली वस्तीतील वृद्ध मंडळी दुपारभर बसत असतात. नकाशात ह्यांपैकी काहीच दिसत नाही. जे नकाशात दिसत नाही ते पाहावयास शिकणे, हा वास्तुविद्येच्या शिक्षणातील सर्वांत अवघड आणि सर्वांत आवश्यक असा भाग होय.

हा भाग शिकण्यासाठी विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही. दिल्लीत यमुनेच्या पूर्वतीरावर मयूर विहार नावाची वसाहत आहे. ह्या शतकाच्या आरंभापूर्वीच, म्हणजे १९८० च्या आगेमागे, येथे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या चार-पाच मजली इमारती उठू लागल्या. पत्रकार, सरकारी नोकर, शिक्षक अशा मध्यमवर्गीयांनी संस्था स्थापून येथे आपापली घरे बांधून घेतली. त्यांच्या लगतच त्रिलोकपुरी आहे. आणीबाणीच्या काळात शहरातील झोपडवस्त्या उठवून तेथील कुटुंबांना ज्या पुनर्वसन वसाहतींत नेण्यात आले, त्यांपैकी ती एक. आणि पश्चिमेला, नदीच्या बाजूला उतरले की लागतो यमुनेचा खादर. कृष्णेच्या किंवा भीमेच्या काठी जिला मळई म्हणतात, तशीच ही पुराच्या गाळाने भरलेली सखल जमीन. तेथे शेतकरी आणि शेतमजूर गवताच्या व बांबूच्या झोपड्यांत राहून वर्षानुवर्षे भाजीपाला पिकवीत आले आहेत. मध्यमवर्गाचे सहकारी घर, सरकारने आखून दिलेला चिमुकला भूखंड आणि कोणताही हक्क नसलेली झोपडी, असे निवाऱ्याचे तीन प्रकार येथे तासाभराच्या पायपिटीत पाहावयास मिळतात.

ह्या तिघांपैकी वास्तुविशारदाची खरी परीक्षा घेतो तो खादर. खादर हा नदीचा आहे. केव्हा ना केव्हा ती तो परत मागते. १९७८ साली यमुनेचे पाणी दिल्लीत २०७.४९ मीटरपर्यंत चढले होते. पुढे पंचेचाळीस वर्षे तोच उच्चांक सांगितला जाई. १३ जुलै २०२३ रोजी पाणी २०८.६६ मीटरवर गेले आणि तो उच्चांक मोडला. त्या दिवसांत खादरातील कुटुंबे आपली गुरे, भांडी आणि अंथरुणे घेऊन मयूर विहारच्या रस्त्यांकडेला प्लॅस्टिकच्या कापडाखाली येऊन राहिली होती. नदीला पसरण्यास जागा हवी, हे तर उघडच आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०१५ मध्ये यमुनेच्या पूरक्षेत्रातील बांधकामास मनाई केली, ती ह्याच विचाराने. परंतु त्याच पूरक्षेत्रात मुले आहेत, आणि मुलांना शाळा हवी, हेही तितकेच उघड आहे. नदीचा हक्क खोटा नाही आणि मुलांचाही नाही. मग शाळा बांधावयाची कोठे आणि कशी?

ह्या प्रश्नाला खादरात एक उत्तर शोधले गेले. तेथे वनफूल नावाची एक शाळा चालत असे. २०११ साली तिची इमारत अतिक्रमण म्हणून पाडण्यात आली. पुढे २०१७ मध्ये स्वाती जानू ह्या तरुण वास्तुविशारद आणि त्यांचे सहकारी ह्यांनी गावकरी, मुले, विद्यार्थी आणि स्वयंसेवक ह्यांना बरोबर घेऊन ती शाळा पुन्हा उभी केली. पक्की इमारत उभारता येत नव्हती, आणि नुसते ताडपत्रीचे छप्पर उन्हापावसाला पुरे पडत नव्हते. तेव्हा त्यांनी शाळेचा सांगाडा पोलादी ठेवला, पण तो वितळजोड न करता नटबोल्टांनी जोडला. जे पान्याने आवळता येते ते पान्याने सोडविताही येते. सांगाड्यातील भिंतींसाठी बांबू, वाळलेले गवत आणि जुने लाकूड वापरले. कुठे खाटेसारखी वीण घातली. बाज विणण्याची विद्या तर ह्या लोकांच्या हातातच होती. त्यांना ती कोणी शिकवावी लागली नाही. वास्तुविशारदाने तिला केवळ भिंतीत स्थान दिले.

ह्या रचनेचे मर्म नीट ध्यानी घेतले पाहिजे. इमारतीचे दोन भाग केलेले आहेत. एक सांगाडा, जो महाग आहे, ज्याला हिशेब लागतो, ज्यात चूक झाली तर छप्पर डोक्यावर येईल. तो शिकलेल्या माणसाने आखला. दुसरा भाग भिंतींचा. तो स्वस्त आहे, लवकर झिजणारा आहे, आणि तो दुरुस्त करणे वस्तीतील कोणालाही जमण्यासारखे आहे. गवत कुजले तर गवत बदलावे, वीण सैल झाली तर ती आवळावी. त्यासाठी शहरातून कंत्राटदार आणावा लागत नाही. पुढे तेथून हलण्याची वेळ आलीच. पण ह्या वेळी इमारत यंत्राखाली चिरडली गेली नाही. बोल्ट सोडले गेले, सांगाडा सुटा झाला आणि पुढे ग्रेटर नोएडाच्या परिसरातील एका वस्तीत तो पुन्हा जोडण्यात आला.

टिकाऊ इमारत म्हणजे जी जागची हलत नाही आणि जिला काळ लागत नाही ती, अशी आपल्याकडील रूढ कल्पना. तिच्यामागे किल्ल्यांचे आणि देवळांचे दगड उभे आहेत. परंतु वनफूल शाळेने टिकाऊपणाचा दुसरा अर्थ दाखविला. जी वापरणाऱ्याला दुरुस्त करता येते, जिचे साहित्य एका जागेचा उपयोग संपल्यावर दुसऱ्या जागी कामी येते आणि जिच्यामुळे जमिनीवर कायमचा घाव पडत नाही, तीही टिकाऊच. पोलाद तयार करण्यास पुष्कळ इंधन जळते, हे खरे आहे. परंतु तोच सांगाडा दोनदा, तीनदा उभा राहिला, तर तो जळलेल्या इंधनाची काही तरी भरपाई करतो. तेच पोलाद काँक्रीटमध्ये पुरले गेले असते, तर त्यातून शाळा पुन्हा उभी राहिली नसती.

ह्यावरून कोणी असे म्हणेल की, ही तर अडचणीतून काढलेली वाट आहे; जेथे जमीन हक्काची आहे आणि पैसाही उपलब्ध आहे, तेथे वस्तीला विचारण्याचे कारण काय? ह्याचे उत्तर महाराष्ट्राने मोठी किंमत देऊन मिळविले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, ह्या जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त केली. हजारो माणसे झोपेतच गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद हेच त्यांच्या मृत्यूला कारण झाले. लोकांना त्या जागेची धास्ती बसली, आणि ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. नवी घरे भूकंपापुढे तग धरणारी होती. त्या दृष्टीने काम चोख झाले. पण अनेक ठिकाणी आखणी शहरी वसाहतीसारखी झाली. रुंद सरळ रस्ते, एकासारखी एक घरे, आणि प्रत्येक घर उघड्यावर. जुन्या गावात वाड्याच्या भिंतीआड चौक असे. तेथे बायका निवांत बसून धान्य निवडीत, उन्हाळ्यात घरातील माणसे झोपत, दुभते जनावर बांधलेले असे, एकत्र कुटुंबातील भावाभावांच्या खोल्या त्याभोवती येत. नव्या घरात हा चौक कोठेच नव्हता. मग लोकांनी स्वतःच कुडे घातली, पत्र्याच्या खोल्या जोडल्या, अंगण पुन्हा बंदिस्त करून घेतले. आराखड्यात जे राहून गेले होते ते गावकऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने भरून काढले.

येथे विद्यार्थ्याने दोन्ही बाजू पाहाव्यात. माळवदाचे जुने घर लोकांनीच पिढ्यान्‌पिढ्या बांधले होते, आणि तेच त्यांच्यावर कोसळले. लोकांना सर्व कळते असे म्हणणे ही केवळ खुशामत झाली. भिंतीच्या दोन पदरांना बांधणारे लांब दगड आणि भिंतीवरून फिरणारा पट्टा नसेल, तर धरणीकंपात काय होते, हे शास्त्रच सांगू शकते. उलट, चौक कशासाठी हवा, हे शास्त्राला विचारून कळत नाही. ते त्या घरातील बाईलाच विचारावे लागते. दोन प्रकारची ज्ञाने आहेत आणि घराला दोन्हींची गरज आहे.

ही सांगड घालण्याचे प्रयत्न आपल्या देशात झाले आहेत. नव्या मुंबईत बेलापूर येथे चार्ल्स कोरिया ह्यांनी १९८३ ते १९८६ ह्या काळात एक वसाहत उभारली. तेथे सात सात घरे एका लहान चौकाभोवती बसविली आहेत. चौक सुमारे ८ मीटर लांब आणि तितकाच रुंद. असे तीन गट मिळून २१ घरांचा मोठा चौक होतो. शेजाऱ्याशी भिंत सामाईक ठेवलेली नाही; त्यामुळे ज्याला घर वाढवावयाचे आहे, त्याला शेजाऱ्याची परवानगी मागावी लागत नाही. इंदूरजवळ अरण्य येथे बाळकृष्ण दोशी ह्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. दोशी पुण्यात जन्मले आणि मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकले. त्यांनी गरीब कुटुंबाला पूर्ण घर न देता भूखंड, पाणी, संडास आणि एखादी खोली दिली, आणि घर कसे वाढू शकेल हे दाखविण्यासाठी ८० नमुन्याची घरे बांधून ठेवली. उरलेले घर त्या कुटुंबाने कमाईच्या मानाने बांधावयाचे. ह्या योजनेला १९९५ साली आगाखान पारितोषिक मिळाले. बेलापूरची कितीतरी मूळ घरे आज ओळखू येत नाहीत. कोणी मजले चढविले, कोणी समूळ नवे बांधले. वास्तुविशारदाची छायाचित्रे जपणाऱ्याला ह्याचे दुःख वाटेल. पण घरे बदलली तरी चौक राहिले, आणि खेळणारी मुले त्याच चौकांत खेळतात.

मग मयूर विहारमध्ये पाहणी करावयास निघालेल्या विद्यार्थ्याने काय करावे? प्रथम त्याने पट्टी बाजूला ठेवून एक दिवस नुसते पाहावे. सहकारी संस्थांच्या इमारतींत किती सज्जे काचेने बंद करून खोल्या झाल्या आहेत, हे मोजावे; प्रत्येक बंद सज्जा ही मूळ आराखड्यावरची एक तक्रार आहे. मे महिन्यात दुपारी लोक कोणत्या सावलीत बसतात आणि जानेवारीत कोणत्या उन्हात, ह्याची नोंद ठेवावी. दिल्लीच्या उन्हाळ्याचे आणि थंडीचे शिक्षण ह्याहून चांगले मिळणार नाही. त्रिलोकपुरीच्या गल्लीत दारापुढचा हातभर ओटा स्वयंपाकघराचे, कारखान्याचे आणि दिवाणखान्याचे काम कसे करतो, हे न्याहाळावे. नंतर विचारावे, पण ‘तुम्हाला काय हवे?’ असे नव्हे. त्या प्रश्नाला सर्वत्र एकच उत्तर मिळते: पक्के, सिमेंटचे घर. ‘पाणी कोठून भरता? रात्री कोण कोठे झोपते? पावसात चूल कोठे पेटते?’ असे विचारले, म्हणजे घर आपोआप उलगडत जाते. मग आराखडा काढून तो मातीच्या किंवा पुठ्ठ्याच्या नमुन्यात लोकांपुढे मांडावा, कारण रेघांचा नकाशा वाचता येत नसला तरी नमुना हाताने हलविता येतो. शेवटी बांधून झाल्यावर वर्षाने परत जावे आणि काय बदलले गेले आहे ते पाहावे. ही शेवटची पायरी बहुतेक वास्तुविशारद चुकवितात, आणि खरा निकाल तेथेच लागलेला असतो.

हा मार्ग वेळ खातो, आणि त्यात नाव मिळण्याची शक्यताही कमी. खादरातील प्रश्न तर अजून सुटलेला नाही. नदी पुन्हा चढेल, माणसे पुन्हा रस्त्याच्या कडेला येतील, आणि त्यांना हक्काची जागा कोठे द्यावी, हा निर्णय कोणत्याही आराखड्याने होणारा नाही. तो राज्यकर्त्यांचा आणि समाजाचा आहे. सुट्या होणाऱ्या शाळेने तो निर्णय घेतला नाही. तिने एवढेच केले की, तो होईपर्यंत मुलांचा वर्ग भरत राहावा.